बॅटरी चालू आहे

अंधार ही कुठल्याही सुव्यवस्थित कार्यालयाची मूलभूत गरज आहे. अंधारच नसेल तर प्रकाश टाकायचा कशावर, आणि प्रकाश टाकायचा नसेल तर एवढी माणसं नेमायची कशाला, हा प्रश्न उभा राहतो. आमच्या कार्यालयात तो उभा राहत नाही. आमच्याकडे अंधार आहे आणि तो रीतसर तळघरात ठेवलेला आहे. (थोडाफार वरच्या मजल्यांवरही आहे, पण तो कामकाजाच्या स्वरूपाचा असल्यामुळे त्याची वेगळी गणना होत नाही.)

तळघरात पंप आहे. तो सुरू केला की गच्चीवरच्या टाकीत पाणी चढतं आणि सगळ्या मजल्यांवरचे नळ, संडास आणि मोठ्या साहेबांच्या दालनातलं खासगी बेसिन कामाला लागतं. कार्यालयात सकाळी सर्वांत आधी कामाला लागणारी वस्तू म्हणून त्या बेसिनचा मी एकदा अहवालात गौरव केला होता. तो परिच्छेद गाळण्यात आला.

पूर्वी तळघरात दिवाही होता. पण वरच्या पाइपातून गळणारं पाणी नेमकं त्याच्या बटणावर ठिबकायचं आणि बटण दाबणाऱ्याला झटका बसायचा. तेव्हा कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी दिवा काढून टाकण्यात आला. पाइप दुरुस्त करायला प्लंबर आला. तो म्हणाला, "आधी दिवा लावा, मला काही दिसत नाही." दिवा लावायला वायरमन आला. तो म्हणाला, "आधी गळती थांबवा, मला मरायचं नाही." दोघांचंही म्हणणं रास्त असल्यामुळे दोघांनाही चहा पाजून परत पाठवण्यात आलं आणि पंपवाल्याला एक छोटी एलईडी बॅटरी देण्यात आली.

इथे एक भाषिक खुलासा करणं भाग आहे, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

आपण जिला बॅटरी म्हणतो, ती म्हणजे उजेड पाडायची नळी. तिच्या पोटात असतात ते सेल. हे पोराटोरांनाही ठाऊक आहे. पण वरिष्ठ कार्यालयात शिकलेली माणसं असल्यामुळे तिथे सेलला बॅटरी म्हणतात आणि बॅटरीला काय म्हणतात ते त्यांनी अजून कळवलेलं नाही. तर त्यांचं परिपत्रक आलं: 'उजेड कमी झाल्याचे निदर्शनास येताच बॅटरी तात्काळ बदलण्यात यावी.'

आमच्या भांडारपालाने ते परिपत्रक नाकाजवळ धरून सावकाश वाचलं. (त्याच्या चष्म्याच्या काचा जाड आहेत, म्हणून कार्यालयात त्याला डबल बॅटरी म्हणतात, त्याचा या प्रकरणाशी काही संबंध नाही, असं लिहायला त्याने मला सांगितलं आहे.) आणि मग त्याने परिपत्रकाबरहुकूम बॅटरी बदलली. म्हणजे काय केलं? जुनी बॅटरी उघडली, तिच्यातले तीन सेल काढले, नव्या कोऱ्या बॅटरीत घातले, झाकण फिरवलं आणि जुनी बॅटरी निकामी ठरवून मांडणीवर ठेवली. पुढच्या वेळी उजेड कमी झाला, पुन्हा बॅटरी बदलली. त्यापुढच्या वेळी पुन्हा. आज भांडारात निकामी ठरवलेल्या, एकही ओरखडा नसलेल्या बॅटऱ्यांची अख्खी मांडणी भरली आहे आणि तेच तीन सेल अखंड सेवेत आहेत. देह बदलत गेले, जीव तोच.

नवे सेल भांडारात नाहीत का? आहेत. बंद पाकिटात आहेत. पण पाकीट फोडायला लेखी कारण लागतं आणि 'सेल बदला' असं आजवर कुणी लिहिलेलं नाही. मी एकदा डबल बॅटरीला हळूच म्हणालो, "अरे, त्यांना सेलच म्हणायचं असेल." तो म्हणाला, "असेल ना. पण त्यांना काय म्हणायचंय ते वाचायला मला नेमलेलं नाही. त्यांनी काय म्हटलंय ते वाचायला नेमलंय."



आता सेल उतरत आल्यावर छोटी एलईडी बॅटरी कशी वागते, हे समजून घेतलं पाहिजे. लोक या विषयाकडे दुर्लक्ष करतात. जुन्या काळच्या, बल्बवाल्या बॅटऱ्या फार भाबड्या होत्या. सेल उतरले की त्या पिवळ्या पडायच्या, मग लाल व्हायच्या, मग निखाऱ्यासारख्या धुगधुगायच्या. चारचौघांत आपलं वय झाल्याचं कबूल करायच्या. एलईडीच्या अंगी असला अडाणी प्रामाणिकपणा नाही. ती शेवटपर्यंत पांढरीशुभ्र राहते. निवृत्तीच्या आदल्या दिवशीसुद्धा केसांना कलप लावून येणाऱ्या आमच्या माजी लेखापालांसारखी. रंगावरून काही कळत नाही. फक्त समोरचं दिसेनासं होतं.

तिच्या बटणावर चार प्रकारचा उजेड असतो: जोरात, मध्यम, मंद आणि लुकलुक. सेल ताजे असताना हे चार वर्ण वेगवेगळे राहतात. सेल उतरू लागले की आधी 'जोरात' आणि 'मध्यम' यांतला भेद मावळतो, मग 'मध्यम' आणि 'मंद' यांतला, आणि शेवटी बटण कितीही वेळा दाबा, उजेड एकच. आमच्या कार्यालयात समता म्हणून जी काही आली, ती याच मार्गाने.

काही बॅटऱ्या उतरायच्या आधी दोन-तीनदा डोळे मिचकावून सूचना देतात. ही सूचना आहे, हे वापरणाऱ्याला ठाऊक नसतं. त्याला वाटतं चुकून लुकलुकचं बटण दाबलं गेलं, म्हणून तो दाबत राहतो. काही बॅटऱ्या तळहातावर आपटल्या की दचकून लागतात आणि पुन्हा झोपतात. (आस्थापना शाखेतही हा उपाय करून पाहण्यात आला होता. तिथे फक्त पहिला अर्धा भाग घडला नाही.) आणि सगळं संपलं असं वाटल्यावरही एलईडी विझत नाही, हा तिचा खरा मोठेपणा. तिच्या टोकाशी एक बारीकसा पांढरा ठिपका दिवसच्या दिवस जिवंत राहतो. त्याचा उजेड पायरीवर पडत नाही, भिंतीवर पडत नाही, धरणाऱ्याच्या हातावरही पडत नाही. तो फक्त स्वतःवर पडतो. सत्कार समारंभातल्या अध्यक्षीय भाषणांवरून ही स्थिती आपल्या परिचयाची असावी.

मात्र या सगळ्यांहून महत्त्वाचा गुण वेगळाच आहे. थकलेल्या सेलांना थोडी विश्रांती मिळाली की त्यांच्यात पुन्हा हुशारी येते. बराच वेळ बंद ठेवलेली बॅटरी लावली की ती पहिले काही क्षण लख्ख लागते. अगदी नव्यासारखी. मग दम सोडते. आमची मासिक तपासणी याच क्षणांवर उभी आहे. डबल बॅटरी खिडकीपाशी, भर उजेडात, बॅटरी हातात घेतो. बटण दाबतो: लागली. बटण सोडतो: विझली. 'चालू' असा शेरा मारतो. आजवर तपासलेल्या बॅटऱ्यांपैकी शंभर टक्के बॅटऱ्या चालू निघाल्या आहेत. चालू या शब्दाचे आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत आणि आमची बॅटरी दोन्ही अर्थांनी चालू आहे.

अशी ही बॅटरी घेऊन पंपवाला रोज तळघरात उतरायचा. वरच्या पायऱ्यांवर लख्ख, मधल्या पायऱ्यांवर मध्यम, आणि तळाशी पोचेपर्यंत ठिपका. तळाची पायरी कोपऱ्यात फुटलेली आहे. पंपवाला उंच, हडकुळा आणि बडबड्या माणूस. तो बॅटरीशी भांडत उतरायचा. त्याचा आवाज आमच्या शाखेपर्यंत यायचा. "लाग की बाई! वर साहेबासमोर कशी हसत होतीस!"

या बॅटरीपायी त्याच्या नावावर निष्काळजीपणाचे दोन शेरे आधीच पडले होते. एक शेरा, पंप उशिरा सुरू केल्याचा. तो बॅटरीला विश्रांती द्यायला पायरीवर बसला होता. दुसरा, टाकी वाहू दिल्याचा. पंपाचं बटण त्याला सापडेना. नियमाप्रमाणे तिसऱ्या शेऱ्याला नोकरी जाते. नोकरी गेली की इमारतीमागची पंपाची खोली सोडावी लागते. त्या खोलीत तो, त्याची बायको, त्याची अंथरुणाला खिळलेली आई आणि परीक्षेला बसलेली मुलगी राहत होती.

आणि मग एका सकाळी तो तळाच्या फुटक्या पायरीवरून घसरला आणि त्याने पाय मोडून घेतला.

चौकशी समिती नेमली गेली. अध्यक्ष मोठे साहेब, तज्ज्ञ सदस्य डबल बॅटरी, सदस्य-सचिव मी. मुद्दा एकच: पडताना बॅटरी चालू होती की बंद? बंद असेल तर दोष कार्यालयाचा. चालू असेल तर निष्काळजीपणा पंपवाल्याचा, आणि तो तिसरा. पुरावा म्हणून बॅटरी जप्त करून, पाकिटात घालून, लाख लावून कपाटात ठेवण्यात आली. पंपवाल्याचं प्लास्टर निघेपर्यंत ती तिथे पडून होती. त्या दोघांतली नीट विश्रांती तिलाच मिळाली. दरम्यान पंप कोण चालवत होतं, असं कुणी विचारलं नाही. नळाला पाणी येत होतं. पाणी येत असताना तसं विचारणं शिष्टाचाराला धरून नाही. (त्याची बायको चालवत होती. तिची नेमणूक झालेली नसल्यामुळे तिला बॅटरी देण्यात आली नव्हती.)

चौकशीच्या दिवशी पंपवाला कुबडी घेऊन आला. बायको त्याच्या मागे उभी राहिली. मी तिला वहिनी म्हणतो. खुर्ची देता येत नसली की नातं द्यावं, अशी आमच्याकडे पद्धत आहे.

साहेबांनी लाख फोडली, बॅटरी काढली, बटण दाबलं. समोरच्या भिंतीवर पांढराशुभ्र गोल उमटला. इतका लख्ख की भिंतीवरचा जुना चहाचा ओघळसुद्धा दिसला.

"चालू आहे," साहेब म्हणाले आणि बटण सोडलं.

"चालू," तज्ज्ञ म्हणाले.

मी लिहून घेतलं.

"अहो साहेब, आत्ता लागणारच ती!" पंपवाला म्हणाला. "एवढे दिवस कपाटात लोळतेय. मला ठेवलं असतं तर मीपण लागलो असतो."

"विषयाला धरून बोला."

"विषयच सांगतोय. ही बॅटरी म्हणजे आमची मेव्हणी आहे. पाहुणे असले की हसतमुख, आणि पाहुण्यांची पाठ वळली की—"

"माझ्या बहिणीला कशाला आणता मध्ये?" मागून वहिनी म्हणाल्या. मग साहेबांकडे वळून, "साहेब, एक करा. ती लावून ठेवा तशीच. चहा येऊन पिऊन होईस्तोवर. बघू द्या किती चालू आहे ते."

साहेबांनी तज्ज्ञांकडे पाहिलं. तज्ज्ञांनी चष्मा पुसला. "लावून ठेवणे ही तपासणी नाही," ते म्हणाले. "तो वापर झाला. आणि वापर केल्याने पुरावा झिजतो."

"मग चला खाली," वहिनी म्हणाल्या. "जिथं पडले तिथं. की तेही बसत नाही तुमच्यात?"

हे मात्र बसत होतं. स्थळपाहणीची तरतूद नियमांत आहे. ती आजवर कुणी वापरलेली नव्हती, एवढंच. साहेबांनी घड्याळ पाहिलं, जेवणाच्या सुट्टीला अवकाश होता, आणि आम्ही निघालो. पुढे बॅटरी घेऊन साहेब, त्यांच्यामागे तज्ज्ञ, मग मी, शेवटी वहिनी. पंपवाला कुबडीवर वरच थांबला.

तळघराचं दार स्प्रिंगचं आहे. आम्ही आत शिरलो आणि ते आपोआप लागलं. वरच्या पायऱ्या झकास दिसत होत्या. "कुठे आहे अडचण?" साहेब म्हणाले. मधल्या पायऱ्यांवर त्यांनी बॅटरी डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. मग बॅटरीने तीनदा डोळे मिचकावले. "कोणी लुकलुकचं बटण दाबलं?" साहेबांनी विचारलं. बटण त्यांच्याच अंगठ्याखाली होतं. त्यांनी ते पुन्हा दाबलं. पुन्हा दाबलं. बॅटरी तळहातावर आपटली. क्षणभर साहेबांचा चेहरा उजळला आणि मग नुसता ठिपका उरला.

इथे वाचक म्हणतील, खिशात मोबाइल नव्हते का? होते. तिघांच्याही होते. पण खासगी मोबाइलचा उजेड कार्यालयीन अंधारात वापरू नये, असा आदेश आहे. पंपवाल्याने एकदा मोबाइल तोंडात धरून पंप सुरू करताना तो पंपाखालच्या हौदात पाडला, तेव्हापासून. त्या आदेशावर साहेबांची सही होती आणि साहेब माझ्यापुढे दोन पायऱ्या खाली उभे होते. शिस्त म्हणजे काय, हे मला त्या अंधारात प्रथमच स्पष्ट दिसलं.

मग 'अगं आई गं' असा आवाज आला. तो कार्यालयीन भाषेत नव्हता.

"साहेब, पडलात का?" तज्ज्ञांनी विचारलं.

फक्त पाइपातलं पाणी ठिबकत होतं.

"मी बसलोय," खालून साहेब म्हणाले. "पाहणी चालू आहे."

"फुटकी पायरी ती," वहिनींचा आवाज आला. तो माझ्या मागून यायला हवा होता, पण पुढून आला. त्या केव्हाच आमच्या कडेने खाली उतरल्या होत्या. "उजवा हात भिंतीला लावा. भिंत सोडू नका. तुमचा पाय मी धरते, हं, ठेवा इथं. चष्मेवाले भाऊजी, तुम्ही मागे फिरा आधी. वाट अडवून उभे राहिलात. हात द्या... तो नव्हे, तो पाइप आहे."

अशा रीतीने एका बाईने, बॅटरीशिवाय, संपूर्ण चौकशी समिती तळघरातून सुखरूप वर आणली. दार उघडलं तेव्हा साहेबांच्या हातात बॅटरी तशीच होती आणि तिच्या टोकाला ठिपका होता. पंपवाला खो-खो हसला. "काय साहेब, उजेड पडला का?" वहिनींनी त्याला डोळ्यांनी दटावलं, पण त्याही हसत होत्या. त्यांना वाटलं, सुटलो. साहेब स्वतः पडले, आता आणखी काय सिद्ध व्हायचं राहिलं? मलाही तसंच वाटलं. साहेबांनी भिंतीला टेकून वहिनींना "उपकार झाले" असं म्हटलेलं मी या कानांनी ऐकलं. ते म्हणताना त्यांचा आवाज लख्ख होता.

दुसऱ्या दिवशी अहवाल झाला. तो मीच लिहिला, म्हणून सांगतो, भाषा निर्दोष आहे.

एक: स्थळपाहणीच्या आरंभापासून अखेरपर्यंत बॅटरी चालू होती. ती एकदाही विझली नाही. (हे खरं आहे. ठिपका होता.) दोन: पाहणीत आढळलेला अंधार हा बॅटरीच्या क्षमतेपेक्षा अधिक होता, त्याचा दोष बॅटरीकडे जात नाही. तीन: अध्यक्ष महोदय पडले नाहीत. त्यांनी तळाची पाहणी बसून केली, आणि तीत त्यांच्या पायाला सूज आल्यामुळे त्यांना सेवाकालीन विश्रांती मंजूर करण्यात येत आहे. चार: ज्याअर्थी पंपवाल्याची पत्नी बॅटरी नसताना तळघरात गेली, समितीसह परत आली आणि कुठेही पडली नाही, त्याअर्थी न पडण्यासाठी बॅटरीची गरज नाही, हे सिद्ध होते. सबब पंपवाल्याचे पडणे बॅटरीमुळे झालेले नसून निष्काळजीपणामुळे झालेले आहे.

चौथा मुद्दा वाचून दाखवताना मी कागद चेहऱ्यासमोर धरला. अक्षर बारीक होतं.

वहिनींनी साहेबांच्या सुजलेल्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हणजे मी तुम्हाला तिथंच बसवून यायला हवं होतं."

"तसं नव्हे," साहेब म्हणाले. "तुमची आम्ही लेखी प्रशंसा केली आहे."

"ह्यांना पायऱ्या पाठ हव्या होत्या, असंच ना? मग बॅटरी दिली कशाला?"

"ती नियमाने द्यावी लागते."

खोली सोडायची वेळ आली तेव्हा कार्यालयात संतापाची लाट उसळली, हे मला आवर्जून नमूद करायचं आहे. आमची माणसं दगड नाहीत. पहिल्या दिवशी सगळ्यांनी काम थांबवून पंपवाल्याच्या बाजूने अर्ज लिहिला आणि त्यावर सह्या केल्या. संताप जोरात होता. दुसऱ्या दिवशी तो मध्यम होता. अर्ज कुणी न्यायचा यावर चर्चा झाली. त्यानंतर मंद. मग काही जणांनी पॅसेजमधून जाताना एकमेकांकडे पाहून डोळे मिचकावले, म्हणजे बघ, अशी आपली व्यवस्था. आणि शेवटी प्रत्येकाच्या टोकाशी एक बारीक ठिपका राहिला, जो अजून आहे. आपल्याला त्या वेळी किती वाईट वाटलं होतं, हे त्या ठिपक्याच्या उजेडात ज्याला त्याला स्वच्छ दिसतं. दुसरं काही दिसत नाही.

त्यांचं सामान हातगाडीवर चढलं तेव्हा पंपवाल्याची मुलगी पुस्तकं पोटाशी धरून मागून चालत होती. पंपवाला मात्र फाटकाशी थांबून मला म्हणाला, "नव्या माणसाला सांगा, उजवा हात भिंतीला."

नव्या माणसाला बॅटरी देण्यात आली आहे. जुनी बदलून नवी. सेल तेच आहेत. या महिन्याच्या तपासणीत ती चालू निघाली. 'उजवा हात भिंतीला' हे त्याला सांगायचं माझ्या डोक्यात आहे.

आणि आता तुमच्याविषयी. वहिनींबद्दल वाचताना तुम्हाला आत्ता जे वाटलं ते खरं आहे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. चांगलं लख्ख वाटलं. आम्ही बटण दाबून पाहिलं, लागलं, सोडलं. तपासणीला तेवढं पुरतं. 'चालू' असा शेरा मारून तुम्हाला आम्ही परत खणात ठेवलं आहे.